नापास केलेला पंप

बाबा, काल मी एक पंप नापास केला आणि आज तोच बसवून घेतला. तुम्ही असता तर पहिल्या अर्ध्या वाक्याला मान डोलावली असती आणि दुसऱ्या अर्ध्याला चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं असतं. म्हणून सगळं सांगते.

जानकीपुरमला आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. औषधांच्या रेणूंची गणितं करणारा एक कॉम्प्युटर तिथे सतत चालतो, म्हणजे चालायला हवा. मे महिन्यात एसी पुरा पडत नाही, दुपारी तीनच्या सुमाराला कॉम्प्युटर तापतो आणि आपोआप बंद होतो. आठवड्याचं काम पुन्हा पहिल्यापासून. पंखे वाढवून झाले. शेवटी ठरलं की आतून पाणी खेळवायचं. तापणाऱ्या चिपवर तांब्याचा पोकळ ठोकळा, त्याला नळ्या, पुढे एक छोटा रेडिएटर आणि हे पाणी फिरवत ठेवायला पंप. कॅबिनेट लहान, त्यामुळे पंप मुठीत मावेल एवढाच हवा. तो निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी कशावर पटकन विश्वास ठेवत नाही हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे.

आम्हाला सामान पुरवणारा एक दुकानदार आहे, मऊ बोलणारा. मऊ बोलणाऱ्याबद्दल मला आधीच शंका येते. त्याने पहिला पंप आणला आणि खोक्यावर बोट ठेवलं. "मैडम, घंटे का आठ सौ लीटर. लिखा हुआ है." मी विचारलं, "लिखा किसने है?" तो हसला. मी नाही हसले. प्रश्न तुमचा होता.

मी चौदा वर्षांची आहे, अलीगंजच्या आपल्या स्वयंपाकघरात स्टुलावर उभी आहे. खाली बादलीत कूलरचा नवा पंप, माझ्या हातात त्याच्या नळीचं टोक, तुमच्या हातात पाण्याचा मग आणि मनगटावरच्या घड्याळाकडे डोळे. नळी खाली धरली की हातातला मग भराभर भरतो. "आता वर धर. अजून वर." माझा हात छताकडे जातो तशी धार बारीक होत जाते आणि शेवटी नुसती ठिबकते. "खोक्यावरचा आकडा नळी मोकळी असतानाचा," तुम्ही म्हणता. "पंपाला काम लावलं की मग तो खरं बोलतो." आई ओट्याशी परात घेऊन खोळंबलेली आहे. "झालं का? मला कणीक मळायचीय." तुमचं झालेलं नसतं. तुम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवून त्याची मूठ माझ्या कानाला लावता, आतली घरघर ऐकवता, आणि पंप दुकानात परत जातो.

तेच मी ऑफिसात केलं. ठोकळा आणि रेडिएटर जोडून, बादली-मग घेऊन बसले. पहिल्या पंपाने मग भरायला इतका वेळ लावला की दुकानदाराने स्वतःच तो उचलून खोक्यात ठेवला. दुसरा पाणी बरं द्यायचा, पण स्क्रूड्रायव्हर कानाला लावल्यावर आत काहीतरी घासत होतं. तिसरा सगळ्यात पास झाला. मग मी त्याचे स्क्रू पाहिले. खाचांवर नवे ओरखडे होते. नळीच्या तोंडाशी, मी पाणी घालण्याआधीच, ओल होती हेही मला आठवलं. म्हटलं, "यह इस्तेमाल किया हुआ है, नया बताकर दे रहे हैं आप." तो म्हणाला, "मैडम, सुबह मैंने खुद चलाकर देखा था. खोलकर भी देखा. आप बाल्टी लेकर बैठती हैं न, सोचा तीसरी बार फेल न हो." मी पंप त्याच्या हातात दिला आणि जायला सांगितलं.

घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना. कारण एकदा असाच एक पंप पाहून मी एका माणसाबद्दल मनात निकाल देऊन टाकला होता, आणि तो माणूस तुम्ही होता.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. तुम्ही माल तपासायचात त्या सरकारी प्रयोगशाळेत आलेला पंपांचा एक अख्खा लॉट तुम्ही नापास केला होता आणि ज्याचा माल होता त्याने वर तक्रार केली होती की तुम्ही दुसऱ्या कंपनीशी मिळालेले आहात. तुम्ही घरी काही बोलायचा नाहीत, पण आई रडायची ते कळत होतं. त्याच दिवसांत मी तुमच्या कपाटात माझी मार्कशीट शोधत होते. स्वेटरांच्या खाली, टॉवेलात गुंडाळलेला एक पंप होता. नवाकोरा. मी तो जसाच्या तसा ठेवला आणि ठरवून टाकलं की लोक म्हणतात ते खरं आहे. वाढदिवसाला तुम्ही मला घड्याळ आणलंत. मी ते घातलं नाही, हाताला रुततं म्हणाले. खरं तर ते कुणी दिलं असेल याचा मी विचार करत होते.

मग एका रविवारी सकाळी दोन अधिकारी आले. त्यांनी विचारायच्या आत तुम्हीच कपाट उघडलंत. "हा नापास लॉटमधलाच आहे. स्टोअरमध्ये ठेवला असता तर बदलला गेला असता, म्हणून घरी आणला." पंपाला तुमच्या सहीची चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली होती. मी टॉवेल पुरता उघडलाच नव्हता, म्हणून ती मला दिसली नव्हती. चौकशीत तो पंप पुन्हा तपासला गेला आणि तुमचे आकडे बरोबर निघाले. आरोप गेला. पण परवानगीशिवाय ऑफिसचा माल घरी नेला हा ठपका राहिला आणि उरलेली नोकरी तुम्हाला लायब्ररीत बसवलं. तिथे गेल्यावर तुम्ही बदललात. सब्जीवाला देईल ते पिशवीत घेऊन यायला लागलात. आई दबक्या आवाजात म्हणायची, "टोमॅटो उलटून पण पाहत नाहीत गं आता." दुसऱ्या हिवाळ्यात तुम्ही गेलात.

मधल्या काळात तुम्ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायचात. "पंप घरात आहे हे त्यांना कळलं कसं?" तुम्हाला दूधवाल्याचा संशय होता, खालच्या मजल्यावरच्यांचा होता, काही दिवस तर मावशीचाही. माझं नाव कधी तुमच्या तोंडी आलं नाही.

आज सकाळी दुकानदाराला फोन केला. म्हटलं, "वही वाला ले आइए." तो घेऊन आला, बसवायला मदत केली. दुपारी तीनला मी कॉम्प्युटरसमोर खुर्ची टाकून बसले होते. तो बंद पडला नाही. तरीही तो माणूस खरं बोलला की नाही हे मला माहीत नाही, आणि ते माहीत नसताना पंप ठेवून घेणं मला फार जड गेलं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. असता तरी मी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट लिहायची राहिली आहे. ते अधिकारी येण्याच्या तीन-चार दिवस आधी तुमच्या सेक्शनमधले अंकल आपल्याकडे आले होते. तुम्ही घरी नव्हता, आई मंदिरात गेली होती. दारातच उभं राहून त्यांनी विचारलं, "बेटा, पापा ऑफिस का कुछ सामान घर लाए हैं क्या?" मला माहीत नाही म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "अलमारी में कुछ रखा है, अंकल." त्यांना मी सांगितलं. तुम्हाला विचारलं नाही.