शेवग्याची सावली

बोनकोडे,
ता. १९ जानेवारी १९८६

प्रिय सुधीरदादा,
सप्रेम जयभीम.

मी इकडे ठीक आहे. खोली कोरडी आहे, पाणी सकाळी येते. स्मितावहिनीने दिलेला स्टोव्ह चांगला चालतो, तिला सांग.

पोस्टरचा वर्ग सुरू झाला. दर शनिवारी दुपारी, सातवी-आठवीची मुले. रंग, ब्रश, कार्डशीट सगळे तुझ्या बिल्डर शेठकडून वेळेवर आले. ब्रश तर मी डिप्लोमाला असताना वापरले त्याहून चांगले. सिमेंट आणि सळ्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला मुलांनी जाहिरात शिकावी असे का वाटावे, हे मी हेडमास्तरांना विचारले. ते म्हणाले, "बाई, फुकट मिळतंय ना? मग टेन्शन कशाला घेता?" हे उत्तर नव्हे. तुझे शेठकडे रोजचे जाणे-येणे आहे, तुला माहीत असेल.

मुले हुशार आहेत. पहिल्या दिवशी प्रत्येकाने कागदावर सगळे भरले: सूर्य, डोंगर, बस, झेंडा. मी सांगितले, पोस्टरपुढे कोणी थांबत नाही, माणूस चालता चालता बघतो. तेवढ्यात एकच गोष्ट पोचते. ती कोणती, हे आधी ठरवा. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "टीचर, खोटं काढलं तर चालतं?" मी म्हटले, खोटे चालत नाही, निवड चालते.

घरमालकीण बयाबाई एकट्या नातीला सांभाळतात. नात सखू माझ्याच वर्गात आहे. बयाबाईंनी पहिल्याच दिवशी विचारले, "काय गो बाय, पोरांना चितारायला शिकवून पगार देतान? खरा सांगतंस ना?"

इथली एक रीत कळली, ती तुला आवडेल. शेते होती तेव्हा बांधावरून भांडण झाले की जाणत्या माणसाला मध्ये उभे करायचे. तो हात लांब करून दाखवील तोच बांध. पुढे कोणी चकार शब्द काढायचा नाही. या आळीत तो मान बयाबाईंचा. शेते सरकारने घेतली. आता गावठाणातली घरे आणि परसच काय ते उरले आहेत, पण मान तसाच आहे.

तब्येतीला जप.

तुझी,
विशाखा


बोनकोडे,
ता. २३ फेब्रुवारी १९८६

प्रिय सुधीरदादा,
सप्रेम जयभीम.

काल तू शाळेत आलास आणि चित्रे घेऊन लगेच गेलास. माझी खोली शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे. चहासाठी थांबला नाहीस, म्हणून बोलायचे ते लिहावे लागते आहे.

मुलांच्या पोस्टर स्पर्धेचा विषय शेठच्या वतीने तूच कळवलास: 'माझे नवे घर'. मुलांना मी एवढेच सांगितले होते की, पोस्टरमध्ये ओळखीचा चेहरा असला की लोकांचा विश्वास बसतो. सखूने आजीलाच बसवले. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथे काळा दोरा, तोही सोडला नाही. वर्ग हसून लोळला. घरी बयाबाईंनी चित्र लांब धरून पाहिले.

"माजा नाक एवरा मोठा हाय काय गो?"

"हाय," सखू म्हणाली.

पण तिने नवे घर काढलेच नाही. "मना नको नवा घर," म्हणाली. परसात आजी उभी आहे आणि हात लांब करून फुललेला शेवगा दाखवते आहे. शेवग्याच्या बारीक पानांची सावली तिच्या पायांशी पडली आहे. ती सावली या वयाच्या मुलीला जमावी याचे मला आश्चर्य वाटले. विषय सोडला म्हणून मी तिला तिसरा क्रमांक दिला.

पहिल्या क्रमांकाचे चित्र तू उलगडूनही पाहिले नाहीस. सखूचे मात्र खिडकीपाशी नेऊन पाहिलेस आणि वेगळी गुंडाळी करून घेतलेस. मी कारण विचारले तर "शेठना आवडेल" म्हणालास. चित्रातले आपल्याला काही कळत नाही, हे तू नेहमी सांगतोस. मग इतक्या लवकर कसे निवडलेस?

चित्रे परत कधी मिळतील? मुले विचारत आहेत.

तुझी,
विशाखा


बोनकोडे,
ता. १९ मार्च १९८६

सुधीरदादा,
जयभीम.

तुझे कार्ड मिळाले. चित्रे परत कधी मिळतील, असे मी विचारले होते. 'यात कोणाचे काही नुकसान नाही,' असे तू लिहिलेस. नुकसानीबद्दल मी काहीच विचारले नव्हते.

पोस्टर तू पाहिलेच असशील. इथे ते बसथांब्यापाशी, पिठाच्या गिरणीवर आणि शाळेच्या भिंतीवर लागले आहे. छपाई ऑफसेटची, चार रंगांत. बयाबाई तीच, दोरा बांधलेला चष्मा तोच, लांब केलेला हात तोच. शेवग्याच्या जागी चार मजली इमारत आहे. खाली मजकूर: 'परस द्या, पक्के घर घ्या.'

मी शनिवारी मुलांना भिंतीपाशी नेले आणि विचारले, यात काय चुकले आहे? एक मुलगी म्हणाली, "टीचर, बिल्डिंगीला पानांची सावली कशी?" ज्याने कोणी झाड पुसले तो सावली पुसायला विसरला. सखू घरी येऊन आजीच्या मांडीत डोके घालून रडली.

आळीत दोन महिने परस मागायला येणाऱ्या शेठच्या माणसांना कोणी ओट्यावर बसू देत नव्हते. आता येत्या रविवारी दहा वाजता शाळेच्या व्हरांड्यात सगळे करारावर अंगठे द्यायला जमणार आहेत. शेजारचे गोटीराम पाटील मला म्हणाले, "बयाआयनं हात करून दाखवला ना? मंग आमी कोन बोलनार?" मी म्हटले, ते चित्र बदललेले आहे. ते म्हणाले, "बाई, तुमच्याच शाळेतला चित्र, आनि तुमीच सांगता बदललाय?"

दुसरीकडे नळावर बायका बयाबाईंशी बोलायच्या थांबल्या. म्हातारीने शेठकडून जास्तीची खोली घेतली, असे म्हणतात. बयाबाईंना हे गेल्या आठवड्यात कळले. त्या मला म्हणाल्या, "मी कवा हात केला गो? मना कोनी इचारला तरी काय?"

मी यावर नीट विचार केला आहे. सखूने हात काढला तो मनाने. तिला कोणी शिकवले नव्हते. तो हात पोस्टरवर वापरणे आळीतल्या कोणाला सुचणे शक्य नाही, कारण ज्याला असे पोस्टर छापून हवे असा माणूस आळीत नाही. शेठने गावात कधी पाऊल टाकलेले नाही. त्या हाताचा इथे काय अर्थ होतो, हे मी बाहेरच्या एकाच माणसाला सांगितले होते. पत्रातून, गंमत म्हणून.

तू शेठकडे नक्की काय काम करतोस, हे मी कधी विचारले नाही. माझे शिक्षण तू केलेस, त्यामुळे ते विचारणे मला शोभणार नाही असे वाटे. आताही विचारत नाही. तुझ्याकडून उत्तर आले तर ते खरे आहे की नाही हे मला तपासावे लागेल, आणि ते काम मला नको आहे.

रविवारी मी व्हरांड्यात एक छापील पोस्टर लावणार आहे. लोकांना ती सावली दाखवीन आणि झाड कसे पुसतात ते सांगेन. बयाबाई शेजारी उभ्या राहायला तयार आहेत. वर्ग यानंतर राहणार नाही, हे मला माहीत आहे. गोटीराम विचारल्याशिवाय राहणार नाहीत, पोरीचे चित्र नेले कोणी? मी नाव सांगेन. नाते विचारले तर तेही सांगेन. तू सखूचे मूळ चित्र घेऊन आलास, तर या दोन्ही गोष्टी सांगायला तू स्वतः असशील.

आईला मी काही कळवलेले नाही. ते पत्र तुझ्याकडून जावे.

बयाबाईंना मी एवढेच सांगितले आहे की, रविवारी कदाचित माझा भाऊ येईल. त्या म्हणाल्या, "येनार तं जेवायला आपल्याकडंच. उपाशी नको जायाला." मी हो म्हटले आहे.

विशाखा