पगारात आमटी धरत नाहीत

आप्पा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि शिवाजी पेठेतला आपला गणवेश शिवायचा कारखाना अजून चालू आहे, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे ऐकाल. पुढचं पगाराबद्दल आहे.

दुपारी मशिनी थांबल्या की मागच्या खोलीत तुम्ही स्वतः आमटी करायचात. बारा बायका, तुम्ही आणि शाळेतून आलेली मी, सगळे एकाच पंगतीला. सातवीत असेन, भाकरी मोडता मोडता विचारलं, "आप्पा, ह्यांना एवढाच पगार का?" तुम्ही पळी हवेत धरून माझ्याकडं बघताय, आणि मग गरजता, "पोटभर जेवत्यात न्हवं? तू बी जेव गप!" त्या दिवशी मला दुसरी भाकरी कुणी वाढली नाही.

तुमच्यामागं मीही तसंच चालवलं, फक्त आमटी तुमच्यासारखी जमली नाही. यंदा नवा सल्लागार नेमला. त्यानं हजेरीपट चाळला, किमान वेतनाचा तक्ता माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाला, "मॅडम, पगारात आमटी धरत नाहीत." मी घाबरले, आणि तुमचीच मुलगी असल्यामुळं चिडलेही. दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना जमवून जाहीर केलं, की पगार कायद्याप्रमाणं होईल आणि जेवण बंद. वाटलं, गयावया करतील. काजं-बटणं करणाऱ्या मावशी, माझ्या जन्माच्या आधीपासून आपल्याकडं असलेल्या, एवढंच म्हणाल्या, "बरं की."

सोमवारी बारा डबे आले. खरडा, भरलं वांगं, सुकट. वास सरळ माझ्या केबिनमध्ये. मी काचेमागं बिस्किटं खात बसलेली, आणि आत हसण्याचा नुसता धुमाकूळ. दोन दिवस कुणी बोलावलं नाही. तिसऱ्या दिवशी लाज सोडून रिकामं ताट घेऊन मीच गेले. मावशींनी सरकून जागा दिली, वाढलं, आणि म्हणाल्या, "तायडे, आप्पांच्या राज्यात आमी पगाराचं कधी बोललो न्हाय. बोलणार कसं? तोंडात घास असायचा की!"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण हातातला घास परत ताटात ठेवला. म्हटलं, "आता बोला. तक्त्यातल्या पगारात भागतंय?"

"घरभाडं आन् गॅस भागतोय," कटिंगवाली म्हणाली. "पोराची रिक्षा ओढाताणीत. पर दात दुखला तर? दात दुखायचा न्हाय, असं सरकारनं लिवलंय काय त्यात?"

केबिनमधला तक्ता आणला आणि उलटा करून मी त्याच्या पाठीवर लिहीत गेले. पुढच्या बाजूपेक्षा मागचा आकडा मोठा निघाला. आठवडाभर त्याच्याशी भांडले. शेवटी नवं मशीन पुढं ढकललं, गणवेशाचा भाव थोडा वाढवला आणि मागच्या बाजूचा पगार सुरू केला. एक शाळा तुटली. अजून सलतंय, खोटं कशाला बोलू? दुपारी आता आमटी माझी, भाकरी त्यांची. आमटीला नावं ठेवायला मात्र कुणी भीत नाही.

मग पेठेतले दोन कारखानदार तणतणत आले. "कायद्याएवढं दिलंसा, ठीक हाय. त्याच्या वर कशाला? आमच्या कामावरच्या बायका आमच्या डोस्क्यावर बसल्यात!" मी गडबडले आणि बोलून गेले, "आप्पांची शेवटची इच्छा होती." दोघांनी तुमच्या फोटोला हात जोडले. एकाला शंका आली. "मग अठरा वर्षं तुमी काय करत हुता?" म्हटलं, "हिशेब." मावशी सुई दातात धरून खाली मान घालून हसत होत्या.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, म्हणून खरं लिहिते. शेवटच्या दुपारी तुम्ही पगाराचं अवाक्षर काढलं नव्हतं. तुम्ही म्हणाला होता, "पंखा बंद कर, बिल येतंय." तुमचे डोळे मिटलेले होते. मी बटण दोनदा वाजवलं आणि पंखा चालूच ठेवला.