जनरलचा उजवा हात

बेसिंगस्टोक,
रविवार दुपार

प्रिय शिल्पा,

पाकिटावर माझं अक्षर बघून आधी तुला हसू आलं असेल आणि मग काळजी वाटली असेल. माझी तब्येत ठीक आहे. ईमेल मुद्दामच केली नाही. तुमच्याकडे टॅबलेट किचनच्या टेबलावर उघडा पडलेला असतो असं आपली अन्वी सांगते, आणि भाषांतर करणारं बटण हल्ली कुणालाही सापडतं. माझं हे कोंबडीचे पाय अक्षर मात्र तुझ्याशिवाय कुणाला लागणार नाही. एकटी असताना वाच. ग्रेग सकाळी फिरायला जातो ना, तेव्हा वाच.

तर ग्रेग गेल्या आठवड्यात माझ्याकडे येऊन गेला. तुला त्याने सांगितलं असेल की सँडहर्स्टच्या लष्करी कोर्सातल्या जुन्या मित्रांना भेटायला इंग्लंडला चाललोय. तेही खरं आहे. पण तिथून बेसिंगस्टोक जवळ. मंगळवारी मी घरूनच काम करत होतो, टीम्सवर मीटिंग चालू होती, आणि बेल वाजली. दार उघडलं तर समोर तुझा नवरा, मेजर जनरल ग्रेगरी टॉलहर्स्ट, ऑस्ट्रेलियन आर्मी, निवृत्त. डाव्या काखेत बिस्किटांचा डबा, उजवा हात कोटाच्या खिशात. म्हणाला, "विनय, कसा आहात तू?" इतक्या वर्षांत तू त्याला अहो-जाहो काही नीट शिकवू शकलेली नाहीस.

आम्ही दोघं याआधी एकटे कधी भेटलोच नव्हतो. अन्वीच्या ग्रॅज्युएशनला भेटलो ते तुम्हा सगळ्यांच्या देखत, आणि त्या दिवशी फोटो काढायचं काम मी अंगावर घेतलं होतं. कॅमेरा डोळ्याला असला की माणसाला बोलावं लागत नाही.

शिल्पा, एक गोष्ट मी तुझ्याशी कधी बोललो नाही, पण तू ती ओळखली असशील. मी या माणसावर जळतो. सुरुवातीला तुझ्यावरून जळत होतो, ते दोन-तीन वर्षांत विझलं. आपण दोघांनी समजून-उमजून वेगळं व्हायचं ठरवलं होतं, तुला कॅनबेराची नोकरी हवी होती, मला इथली सोडायची नव्हती. तू पुन्हा लग्न करणार हे उघडच होतं. पण अन्वी तुझ्याबरोबर गेली, आणि माझी मुलगी रोज रात्री ज्याला गुड नाइट म्हणते तो दुसराच कुणीतरी आहे, हे काही विझलं नाही.

जळायलाही माहिती लागते. ती मी जमवली. त्याचं अख्खं करिअर मला तोंडपाठ आहे, कदाचित तुझ्यापेक्षा जास्त. न्यू साउथ वेल्समध्ये खूप आत, गव्हाच्या कोठारांच्या एका गावात जन्म. वडिलांचं टायरचं गॅरेज. सतराव्या वर्षी घर सोडून डंट्रूनच्या मिलिटरी कॉलेजात. पहिल्या वर्षी नकाशावाचनात नापास झालो, असं तो एका मुलाखतीत म्हणाला होता. ते वाचून माझा तो आठवडा फार छान गेला. मग आर्मीचा इंजिनियर. तरुण कॅप्टन असताना कंबोडियात, तिथल्या लोकांना शेतातले सुरुंग काढायला शिकवायला. मेजर झाल्यावर पूर्व तिमोरमध्ये, जळलेल्या गावांना पाणी पोचवायला. तुझी-त्याची ओळख झाली तेव्हा लेफ्टनंट कर्नल. पुढच्या प्रत्येक बढतीची बातमी तुमच्याकडून कळायच्या आधी मी इंटरनेटवर वाचलेली असायची. तो ब्रिगेडियर झाला त्या वर्षी मी सॉफ्टवेअर टेस्टरचा सीनियर टेस्टर झालो. तुम्हाला कळवलं नाही. तिकडे जंगलांना आगी लागल्या तेव्हा तो टीव्हीवर दिसला होता, राखेने माखलेला, आगीने वेढलेल्या किनाऱ्यावर एका म्हातारीला बोटीत चढवताना. मी इथे सोफ्यावर बसून मोठ्याने म्हणालो, जनरलने स्वतः कशाला चढवायला हवं, सैनिक कमी पडले का? शोबाजी नुसती! मग ती क्लिप मी पुन्हा लावली. आणि परत एकदा.

दर डिसेंबरला अन्वी माझ्याकडे यायची. तुमच्याकडच्या उन्हातून ती या अंधाऱ्या थंडीत उतरायची, आणि दर वर्षी तिच्यात नवीन काहीतरी दिसायचं, त्यात माझं काही नसायचं. बिछान्याची चादर ती अशी ताणून घालायची की वर नाणं टाकलं तर उडेल. बूट रात्रीच पॉलिश करून दाराशी ठेवायची. "ग्रेग म्हणतो," अशी तिची निम्मी वाक्यं सुरू व्हायची. तुला आठवतं, इथून गेली तेव्हा ती कुत्र्यांना किती घाबरायची? कुत्रं दिसलं की माझ्या पायामागे लपायची, आणि मला ते आवडायचं. नवव्या वर्षी आली तेव्हा मेमोरियल पार्कमध्ये एक वासराएवढा कुत्रा धावत आला. मी हात पुढे केला तिला मागे घ्यायला. ती मात्र सरळ पुढे गेली, मूठ मिटून त्याच्या नाकाशी धरली, आणि मला म्हणाली, "घाबरू नको बाबा." लोक म्हणतील, मुलीची भीती गेली, आनंद मान. मी मानलाही. पण ती भीती घालवायची तर मी घालवायला हवी होती.

तो अफगाणिस्तानात होता तेव्हाचं तर तुला ठाऊकच नाही. त्याच्या गाडीखाली स्फोट झाल्याचं कळलं आणि पुढे कितीतरी वेळ काही बातमीच येईना. तू आर्मीच्या लोकांशी फोनवर होतीस, आणि अन्वीने दुसऱ्या फोनवरून मला लावला. ऑफिसच्या कार पार्कमध्ये उभा राहून मी तो घेतला. ती हुंदके देत विचारत होती, "बाबा, ग्रेग येईल ना परत?" मी म्हटलं, येईल, नक्की येईल. त्याला सुरुंगांतलं सगळं कळतं, त्याने किती देशांत ते काढलेत, तो किती सावध असतो. माझ्याच मुलीला मी त्याची थोरवी सांगत राहिलो, ती शांत होईपर्यंत. "थँक यू बाबा," म्हणून तिने फोन ठेवला. मी गाडीत जाऊन बसलो. हा माणूस वाचू दे, अशी अगदी मनापासून प्रार्थना केली, आणि ती करता करताच मनात आलं की माझ्यासाठी ही कधी अशी रडली असेल का. तिला कधी विचारलं नाही. तुला माहीत असेल तर तूही सांगू नकोस.

आणि पुढे तिने शिकायचं काय ठरवलं? पूल बांधायचं. इंग्लंडला शिकायला आली, माझ्या जवळ आली म्हणून मी पेढे वाटले, पण ती झाली सिव्हिल इंजिनियर. पहिला पूल तिने कुणाच्या खांद्यावर बसून पाहिला होता ते तिने मला सांगितलंय. माझ्या नव्हे.

म्हणून एप्रिलमध्ये जे झालं त्याचं मला किती अप्रूप वाटलं असेल बघ. ती आणि आपला होणारा जावई वीर कॉव्हेंट्रीहून जेवायला आले होते. पोरगा चांगला आहे गं, न सांगता भांडी घासायला उठला. तो आत गेल्यावर ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, माझी कन्यादान तू करशील ना? आईबरोबर?" मी तिचं व्याकरण सुधारलं नाही. मी नुसती मान हलवली. त्या आठवड्यात इथल्या मराठी मंडळातल्या प्रत्येकाला काही ना काही निमित्त काढून मी ही बातमी दिली. रघुवीरला दोनदा दिली. वॉटफर्डला जाऊन रेशमी सोवळं आणलं आणि आरशासमोर नेसून पाहिलं. पोट आत घेतलं की बरं दिसतं. मनात म्हटलं, घ्या जनरलसाहेब, इथे तुमची रँक चालत नाही. मंडपात पहिल्या रांगेत, खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून बसलेला तो मला दिसत होता. तिच्या जन्मानंतर इतका आनंद मला कधी झाला नव्हता, आणि तो आनंद सगळाच काही निर्मळ नव्हता.

तेव्हा त्याला दारात बघून पहिलं मनात आलं ते हेच, की हा ते मागायला आलाय. मी मीटिंग बंद केली, चहा केला, आणि नाही कसं म्हणायचं याची इंग्रजी वाक्यं जुळवत बसलो. तो कपाला हात लावेना. उजवा हात तसाच खिशात. जनरल लोकांची ऐट असेल, मला वाटलं. मग त्याने विचारलं, कन्यादानात वडील नेमकं काय करतात? त्याने कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला होता, पण त्यात नीट दिसलं नव्हतं. मी अगदी रंगवून सांगितलं. वडिलांनी ओंजळ धरायची, आईने वरून पाण्याची धार सोडायची, ते पाणी वडिलांच्या ओंजळीतून मुलाच्या आणि मुलीच्या ओंजळीत उतरायचं, मंत्र संपेपर्यंत धार तुटू द्यायची नाही. ब्रीफिंग ऐकावं तसा तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "गुड. म्हणूनच मी तिला सांगितलं, विनयलाच विचार."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिने पहिल्यांदा त्याला विचारलं होतं. त्याने नाही म्हटलं आणि तिला माझ्याकडे पाठवलं. शिल्पा, माझ्या आयुष्यातला हा एकुलता एक विजय त्याने मला रजेच्या अर्जासारखा मंजूर करून दिला होता! कान तापले माझे. रेशमी सोवळं आतल्या खोलीत हँगरला होतं, ते जाऊन त्याच्या अंगावर फेकावंसं वाटलं. मी हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "माझी मुलगी मला देणारा तू कोण?" मला वाटलं, आता उठून जाईल. गेला असता तर बरं झालं असतं, माझा राग तरी मला पुरला असता.

तो गेला नाही. त्याने खिशातून उजवा हात काढला आणि टेबलावर ठेवला. हात थरथरत होता. तो नुसता ठेवलेला होता, आणि शेजारच्या बशीतला चमचा वाजत होता. पार्किन्सन्स आहे शिल्पा. खांदा दुखतो, त्या स्फोटातला जुना मार आहे, असं तो तुला सांगत आलाय ते हेच. लग्न होईपर्यंत तुम्हा दोघींना कळू द्यायचं नाही, नंतर सांगायचं, असं त्याने ठरवलंय. म्हणाला, तिने विचारलं तेव्हा मला हो म्हणायचं होतं, पण पाणी माझ्या हातात राहणार नाही, आणि त्या दिवशी लोकांनी तिच्याकडे बघायला हवं, माझ्या हाताकडे नाही. पुढे प्रवास झेपला नाही तर ती तुझ्या देशात आहे, तू आहेस, हेही म्हणाला. आणि मला गप्प राहायला सांगितलं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. माझ्या गप्प बसण्याला तो होकार समजला. नकाशावाचनानंतर तो इथे चुकला. हे पत्र त्यासाठी आहे. ऑगस्टमध्ये मंडपात पाण्याची धार तू धरणार आहेस, आणि समोर ग्रेगचाही हात असणार आहे, तो का हलतोय हे तुला त्या क्षणी कळावं हे मला पटत नाही. काल मी अन्वीला फोन केला. आजाराचं काही बोललो नाही, ते तुम्ही दोघांनी मिळून तिला सांगा. एवढंच म्हटलं की कन्यादानाला तुझ्या आईसमोर मी आणि ग्रेग, दोघं बसणार. कॉव्हेंट्रीच्या गुरुजींनाही विचारलं. ते जरा घुटमळले, मग म्हणाले, हरकत नाही, देणाऱ्याचे हात दोन असले काय नि चार असले काय. तेव्हा असं करायचं: त्याची ओंजळ वर, माझी खाली, घट्ट लावून. त्याचा हात हलला तर माझ्या हातात हलेल, आणि सांडलं तरी कुणाच्या बोटांतून सांडलं ते लोकांना कळणार नाही. त्याला माझ्या आकाराचं सोवळं होणार नाही, वॉटफर्डहून दुसरं आणतो, तू फक्त कंबरेचं माप कळव. वरची ओंजळ त्याचीच असणार हे लिहितानाही मला टोचतंय, आणि ऑगस्टपर्यंत टोचत राहील, ते माझं मी बघेन. तू धार बारीक धर, आणि घाई करू नकोस.

एके काळचा तुझा, आणि कायमचा अन्वीचा बाबा,
विनय