दीडशे पांढरे चौकोन

४ सप्टेंबर, गुरुवार
बाबांना घेऊन ठाण्याला डोळ्यांच्या डॉ.कडे. काचबिंदू. उजवा जवळजवळ संपला, डाव्याच्या कडा गेल्यात. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दाखवला : सगळं काळं, मधे एक पांढरी खिडकी. "गेलं ते परत येत नाही. ही खिडकी जपायची." किती दिवस टिकेल विचारलं, तर म्हणाल्या थेंब चुकवू नका.
परतताना कोपर स्टेशनच्या पुढे रिक्षात बाबा माझ्याकडे वळले. मग, "मनू, त्या टेपा एकदा बघायच्यात. सगळ्या."
सव्वीस वर्षं लग्नं शूट केली या माणसाने. कळव्यापासून शीळफाट्यापर्यंत एक हळद सोडली नसेल. मूळ टेपांना बुरशी लागली म्हणून केव्हाच भंगारात दिल्या, पण त्याआधी सगळ्या एका हार्ड डिस्कवर उतरवून घेतलेल्या. संध्याकाळी डिस्क कपाटातून काढली. दीडशे फायली आहेत, पण डिस्क टिक टिक करते. हे लक्षण चांगलं नाही.
ठरलं. घरात एक छोटा सर्व्हर करायचा. हॉलच्या टीव्हीवर यादी, बाबांनी रिमोट दाबायचा, टेप सुरू. आठवड्याचं काम.

६ सप्टेंबर, शनिवार
आठवड्याचं काम म्हणे! नुसतं मशीन कुठलं घ्यायचं यातच दिवस गेला. चार पर्याय :
१. तळहाताएवढा बोर्ड. वीज खात नाही. पण आपल्या टीव्हीला बाबांच्या फायलींचा जुना फॉरमॅट कळत नाही, म्हणजे मशीनने चालू असतानाच तो बदलून द्यायचा. बोर्डाला दम लागणार.
२. दोन डिस्कवाला तयार डबा. दिसायला गोड, डोकं मंद.
३. मिनी पीसी. जवळजवळ परफेक्ट. डिस्क बाहेर लोंबकळणार, आई केरसुणीने ओढणार.
४. जुना ऑफिसचा कॉम्प्युटर. मोठा, पंखा ऐकू येतो.
तक्ता केला, रंग भरले. मग पाचवा पर्याय सापडला आणि तक्ता परत केला.
बाबा दोनदा येऊन मागे उभे राहिले. "झालं का गं?" दुसऱ्या वेळी दाराची चौकट लागली खांद्याला. खांदा चोळत परत गेले.

८ सप्टेंबर, सोमवार
मिनी पीसी ठरला. ऑर्डर करणार, तर आई : "आजपासून पितृपक्ष. नवीन वस्तू घरात यायची नाही."
मी म्हटलं, आई, बाबांचे डोळे पंधरा दिवस थांबतील का?
"पंधरा दिवसांनी आकाश कोसळत नाही. आणि भलत्या दिवशी आणलेलं लाभत नाही." विषय बंद. बाबाही तिच्याच बाजूने. कॅमेऱ्याची बॅगसुद्धा कधी पितृपक्षात घेतली नाही म्हणे.
मी चिडले. पण खरं लिहायचं तर जरा सुटल्यासारखंही वाटलं. अजून पंधरा दिवस शोधता येईल. नाचता येईना अंगण वाकडं, तशातली गत माझी.

११ सप्टेंबर, गुरुवार
कॉलेजात लॅब सांभाळताना मुलांना ऐटीत सांगते, डेटाच्या कायम दोन कॉप्या. आणि घरी ती टिकटिकणारी एकमेव डिस्क रुमालात गुंडाळून ठेवलीय. लावायचीसुद्धा भीती वाटते.
परीक्षणं वाचतेय. कोणी म्हणतो हा प्रोसेसर, कोणी म्हणतो तो गरम होतो. लंच गेला, परतीचा प्रवास गेला. काय शोधतेय मी?
बाबांनी आज चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. फुटला. आई म्हणाली, "जुनाच होता." तो गणपतीतच आणलेला.

१५ सप्टेंबर, सोमवार
मार्ग सापडला! नवीन आणायचं नाही ना? मग जुनं आणते. आईला विचारलं, सेकंडहँड चालतं का पितृपक्षात.
विचारात पडली. "कोणाच्या घरातलं नाही ना?"
"ऑफिसातलं."
"मग ते नवीन नाही. चालेल."
बाबा हसले. कितीतरी दिवसांनी.
कॉलेज सुटल्यावर कल्याणला. स्टेशनजवळ गाळ्यात एकावर एक रचलेले जुने कॉम्प्युटर. दुकानदार म्हणाला, "मॅडम, कशाला पाहिजे? बिलिंग? गेमिंग?" म्हटलं, लग्नं बघायला. काळा बसका डबा उचलला, तक्त्यातला चौथा. दहा दिवस घोळून शेवटी पहिल्याच दिवशी नाकारलेला.
डिस्क मात्र नवीच हवी. ती घटस्थापनेनंतर. इथे आई ऐकत नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार
काल घट बसले, आज डिस्क आली. एकच घेतली. दुसरी दिवाळीत बघू. (मुलांनो, दोन कॉप्या!)
कॉपी सुरू केली. जुनी डिस्क टिक टिक, मधेच गप्प, परत टिक. मी स्टूल घेऊन बाजूलाच. मुंगीच्या पावलांनी चाललंय. बाबा लांबून, "आली का हळद?"

२८ सप्टेंबर, रविवार
झाली! दीडशेच्या दीडशे फायली नव्या डिस्कवर. चालतात. आनंदाने आईच्या हातची दोन थालीपीठं जास्त खाल्ली.
मग टीव्हीवर यादी उघडली आणि हिरमोड. दीडशे पांढरे चौकोन. सॉफ्टवेअर प्रत्येक फायलीची सुरुवातीची फ्रेम चित्र म्हणून उचलतं, आणि बाबांची प्रत्येक टेप पांढऱ्या कागदाने सुरू होते. शूटिंगआधी कॅमेऱ्यासमोर पांढरा कागद धरायचा, म्हणजे कॅमेऱ्याला खरा पांढरा कळतो आणि बाकीचे रंग बरोबर येतात. कागद धरायचं काम माझं. सहाव्या वर्षापासून प्रत्येक सुट्टी, प्रत्येक लग्नसराई. मैत्रिणी खेळायच्या आणि मी कुठल्यातरी मांडवात कागद धरून. वैताग यायचा. कागद खाली आला की बाबा, "हललीस! परत."
चाळीसेक सेकंदांचा तो फापटपसारा, त्यात बाबांच्या चपला, हलती जमीन. यात त्यांना हवी ती हळद कशी सापडणार? कापून टाकायला हवं.

३० सप्टेंबर, मंगळवार
सकाळी जुनी डिस्क लावली. उठलीच नाही. टिकसुद्धा नाही. रविवारी कॉपी संपली नसती तर?
स्क्रिप्ट लिहून संध्याकाळी सुरू केली. एकेक फाईल उघडते, पहिली चाळीस सेकंदं कापते, जुनीच्या जागी नवी ठेवते. सर्वांत जुन्या टेपपासून क्रमाने. उद्या संध्याकाळपर्यंत व्हावं. परवा दसरा, बाबांना बसवायचं टीव्हीसमोर. यादी काय सुंदर दिसायला लागलीय! मुंडावळ्या, बँजोवाले, हळदीने माखलेल्या आज्या.

१ ऑक्टोबर, बुधवार
कॉलेजातून आले तर डबा बंद. वर हळदीकुंकू, झेंडूचं फूल, शेजारी बाबांचा जुना कॅमेरा, माझा लॅपटॉप आणि शिलाई मशीन. खंडेनवमी.
"आई, बटण कोणी बंद केलं?"
"मी. आज यंत्रांची पूजा. आज त्यांना राबवायचं नसतं."
"अगं काम चालू होतं आत! अर्ध्यात तोडलंस!"
"वर्षातनं एक दिवस विश्रांती दिली तर काय बिघडतं?"
मी नको ते बोलले. तुझ्या असल्या नियमांमुळेच पंधरा दिवस गेले, बाबांचे डोळे जातील नि तू मुहूर्त बघत बस, असं. ती पदराने डब्यावरचं सांडलेलं कुंकू पुसत राहिली. बाबा मधे पडले नाहीत.
वाईट वाटतंय. आणि रागही गेलेला नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
सोनं वाटून झालं. मशीन सुरू केलं. त्रेसष्ट फायली कापून झालेल्या, सत्त्याऐंशी बाकी. म्हटलं, उरलेल्या नंतर. बाबांना बसवलं, टीव्हीच्या अगदी जवळ, मान जरा वळवून, म्हणजे त्यांच्या खिडकीत बसेल.
पहिली टेप. शीळफाट्याजवळच्या गावातली हळद. ढोल, नाच, मागे शेतं. आईने ओळखली, "अगं, आता तिथे टॉवर आहेत." बाबा पडद्याच्या आणखी जवळ सरकले.
"मागे घे."
"बाबा, इथूनच सुरू होते."
"नाही होत. कागद कुठाय?"
मी उत्साहाने सांगितलं, कापला, सगळ्यांचा कापतेय, यादी बघा कशी छान दिसते.
बाबा टीव्हीकडेच बघत राहिले. मग हळूच, "लग्नं लोकांची गं. ती कशाला बघू मी? पांढरा घेऊन झाला की तू कागद खाली करायचीस आणि हसायचीस. मी बटण बंदच करायचो नाही."
आमच्याकडे माझे लहानपणीचे फोटो नाहीत. सगळ्या गावाचे काढायला बाबा, मग आमचे कोण काढणार? मला हे माहीत होतं. कधी जोडून पाहिलं नाही.
चौसष्टावी लावली. पांढरा पडदा, चार बोटं. कागद खाली आला. मागे मी, अकरा वर्षांची, दोन वेण्या, एक सुटलेली. हसत नव्हते, रुसलेली. आवाज बाबांचा : "हललीस."
बाबा टीव्हीसमोर तोंड उघडं ठेवून हसले. "इथे तुला बूट चावत होते."
त्रेसष्ट गेल्या. सहाव्या वर्षापासून अकराव्यापर्यंतची सगळी मी, माझ्याच हाताने. आईने ते बटण बंद केलं नसतं तर बाकीचीही गेली असती. ती हे बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मीच स्वयंपाकघरात जाऊन तिच्या पाठीला डोकं लावून उभी राहिले. ती म्हणाली, "सर, पुरी जळेल."

५ ऑक्टोबर, रविवार
दुसरी डिस्क आणली. सत्त्याऐंशींची दुसरी कॉपी. दिवाळीची वाट बघितली नाही, आईनेही पंचांग काढलं नाही.
बाबा रोज पाच-सहा सुरुवाती बघतात. फक्त सुरुवाती. नवरी यायच्या आत पुढची.

७ ऑक्टोबर, मंगळवार
ठाण्यात मेलेल्या डिस्कवरून डेटा काढणारा एक माणूस आहे. कॉलेज अर्ध्यावर टाकून गेले. त्याने डिस्क कानाला लावून हलवली. "पडली होती?"
"नाही. म्हातारी झाली."
"उघडल्याशिवाय काही सांगणार नाही. पंधरा-वीस दिवस. आशा ठेवू नका, सोडूपण नका." मी काय हवंय ते सांगितलं : पहिल्या त्रेसष्ट फायली, त्यांची फक्त पहिली चाळीस सेकंदं. त्याने चष्म्यावरून पाहिलं. असं गिऱ्हाईक त्याला पहिलंच.

९ ऑक्टोबर, गुरुवार
डिस्कवाल्याचा फोन नाही. दोनदा मीच केला, उचलला नाही. डॉ.कडे परत तपासणी झाली. खिडकी जरा आणखी लहान. थेंब बदललेत.
संध्याकाळी बाबा बाल्कनीजवळच्या खुर्चीत. म्हणाले, "एक कोरा कागद आण."
प्रिंटरमधला आणला. "तिथे उभी राहा, उजेडाकडे तोंड करून. धर."
धरला. छत्तीस वर्षांची बाई, हॉलमध्ये, छातीशी कागद. आई दारात येऊन थांबली. बाबा मान थोडी थोडी फिरवत मला शोधत होते, जुन्या कॅमेऱ्यामागे एक डोळा मिटायचे तसाच मिटून.
"डावीकडे. अजून. हां, आलीस. हलू नको."
हात भरून आले तरी हलले नाही.
"आता कागद खाली कर."