उदकशांत तूर्त नको

तीर्थरूप तात्यासाहेब यांना गारखेड्याहून द्वारकेचा वाकून नमस्कार.

मी ठीक आहे. जेवते, झोपते, मधल्या वेळात वाचते. तुमचा उजवा गुडघा, पेरूची बाग आणि कानाचं यंत्र ही तिघंही सुखरूप असतील असं समजते. (यंत्राची चौकशी मुद्दाम केली. परवा फोनवर मी बोलत होते तेवढा वेळ ते शिट्टी वाजवत होतं आणि तुम्ही "हो हो, गुरुवारी" एवढंच म्हणत होतात. गुरुवारी काय, ते मला नंतर तुमच्या तनुजानं सांगितलं. म्हणून हे पत्र. कागद शिट्टी वाजवत नाही.)

तर गुरुवारी तुम्ही दौलताबादहून गुरुजींना घेऊन येणार, उदकशांत करणार, मंत्रलेलं पाणी घरभर शिंपडणार आणि तुमचे बंधू घरात जिथं कुठं अडकून राहिले असतील तिथून त्यांना पुढच्या वाटेला लावणार, असं ठरलं आहे म्हणे. मला विचारलं नाही याचा राग नाही. या घराण्यात मला विचारून फक्त आमटीत मीठ किती घालायचं ते ठरतं. पण तुम्ही तनुजाला असंही म्हणालात की हे सगळं तिनं दिलेल्या पुस्तकामुळं झालं. "तुझी काकू भुताच्या गोष्टी वाचत बसती, मग भूत येणार नाय तर काय पावणे येणार." त्याचं उत्तर देणं मला भाग आहे, कारण पुस्तकाची यात काही चूक नाही.

पुस्तक म्हणजे जुन्या परदेशी भयकथांचा मराठी अनुवाद. तनुजानं ते माझं मन रमावं म्हणून दिलं. (नवरा गेलेल्या बाईचं मन रमावं म्हणून प्रेतांचं पुस्तक. मुलगी तुमचीच, हे वेगळं सांगायला नको.) शिवाय इथल्या दत्तमंदिराच्या हॉलमध्ये तिचं बायकांचं वाचक मंडळ भरतं, तिथं मी भयकथेतल्या भीतीवर बोलेन असं तिनं परस्पर कबूल करून टाकलं. मी सातवीत शाळा सोडलेली. पण वाचायला लागले की मी धुण्याच्या हिशेबाच्या चिठ्ठ्यासुद्धा सोडत नाही हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून ते पुस्तक दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना भीती कशी शिजवतात ते दिसायला लागलं.

या गोष्टींत भीती एकदम येत नाही. आधी हवा बिघडते. मग पाहुण्याचा रस्ता चुकतो. मग एक भलंमोठं दगडी घर येतं, त्याची एक बाजू कायम ढासळलेली असते आणि मालकाला ती दुरुस्त करायचं सुचत नाही. घरात एक खोली बंद असते. नोकर त्या खोलीविषयी बोलायचं टाळतो, म्हणजे पाहुण्याला तिथं जायचंच असतं. कुत्रं उंबऱ्याशी थांबतं. (कुत्र्याला माणसाच्या आधी कळतं, हे सगळ्या गोष्टींत सारखं आहे.) मग एक गोरी, अशक्त, घरात काहीही काम नसलेली बाई हातात मेणबत्ती घेऊन एकटीच तळघरात उतरते. वाचताना मी तिला मोठ्यानं म्हटलं, अगं, सकाळी जा. जात नाही. लेखकाला मात्र आपलं काम येतं. तो आपल्याला दाराबाहेर पानंच्या पानं उभं करतो. आतून काहीतरी घासत गेल्याचा आवाज येतो, कडी हलते, पण दार उघडत नाही. आणि जोवर ते उघडत नाही तोवर आत काय आहे ते आपणच भरत बसतो, ज्याच्या त्याच्या घरातलं. दार उघडलं की गोष्ट पान-दीड पानात संपते, कारण आत जे निघतं ते आपण भरलं होतं तेवढं मोठं कधीच नसतं.

शेवट दोन तऱ्हेचे. एका तऱ्हेत कळतं की तसं काही नव्हतंच, वारा होता, खिडकीची झडप सैल झाली होती. मग सगळ्यांच्या जिवात जीव येतो आणि ते नाश्त्याला बसतात. दुसऱ्या तऱ्हेत मेलेला माणूस खरोखर परत येतो. बायको त्याला दारात बघते, किंचाळते आणि खाली कोसळते. तिथं मी पुस्तक मिटलं. ती किंचाळते कशाला, तेवढं मला कळेना.

आता तुमचे पुरावे. पहिला पुरावा पिठाचा. हे गेले त्या खुर्चीच्या जागी आपण रीतीप्रमाणे पीठ पसरलं, दिवा ठेवला, वर टोपली झाकली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणत्या जन्माला गेले त्याची खूण बघायला टोपली मीच उचलली. पहिले वाकलात तुम्ही. रडत होतात. चष्मा नाकावरून सुटला आणि पिठात पालथा पडला. तुम्ही तो चाचपून उचललात, धोतराला पुसलात, डोळ्यांवर चढवलात, आणि तेव्हा तुम्हाला पिठावर दोन गोल आणि दोन्ही बाजूंना एकेक लांब रेघ दिसली. तुम्ही मागं सरलात, तेव्हा बाकीची मंडळी पुढं आली. सारजाबाई वन्सं म्हणाल्या बैलाचे खूर. बद्रीनाथ मामांना त्या रेघांत साप दिसला. शेवटी कुणीतरी (माहेरचं नव्हतं) म्हणालं की हे घुबडाचे डोळे, आणि तेच ठरलं. तेव्हापासून तुम्ही घुबडाच्या काळजीनं झुरताय. तात्यासाहेब, ते घुबड आजही तुमच्या नाकावर बसलेलं आहे. मी तेव्हा बोलले नाही, कारण भावासाठी रडणाऱ्या माणसाला चष्मा सांभाळा असं सांगता येत नाही. आणि तुम्ही वाकायच्या आधी मी ते पीठ पाहिलं होतं. मी हातानं सारखं केलं होतं तसंच होतं. त्यावर काहीसुद्धा नव्हतं.

दुसरा पुरावा खोकल्याचा. खालच्या मजल्यावरच्या सरोजिनीबाईंनी तुम्हाला सांगितलं की भरदुपारी काकासाहेबांचा खोकला वरून ऐकू येतो. ते खरं आहे. मीही ऐकला.

आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यानं येतं, ते तुम्हाला माहीत आहे. पाळीच्या दिवशीही किती वाजता येईल याचा नेम नाही, म्हणून मोरीतली तोटी उघडी सोडून खाली बादली ठेवायची आणि वाट बघायची. हे काम तुमच्या बंधूंचं. मोरीसमोर स्टूल टाकून ते असे बसायचे, जसं काही पाणी त्यांना भेटायलाच येतंय. दमा होता, गारठ्यात बसू नका म्हटलं तरी ऐकायचे नाहीत. ते गेल्यावर दिवस होईपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, नंतर पाणी भरायला तनुजा यायची. तिला सुट्टी नव्हती तेव्हा पहिल्यांदा मी एकटी होते. स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. मोरीतून खोकला आला. दोन बारीक, एक लांब ओढलेला, आणि शेवटी घसा खाकरल्यासारखा.

पुस्तकात या जागी अंगावर काटा येतो, हातातला दिवा विझतो, पाय जमिनीला खिळतात. माझं तसं काही झालं नाही. तात्यासाहेब, मी मेथी बाजूला ठेवली आणि विचारलं, "चहा ठेवू का?"

मग पाणी आलं.

रिकाम्या पाईपात हवा कोंडते, पाणी मागून रेटतं तेव्हा ती आधी बाहेर पडते, एवढीच ती गोष्ट. हे हयात असताना ती कळली नाही, कारण हे आणि नळ एकाच वेळी खोकायचे आणि मी सगळा खोकला यांच्याच नावावर धरायचे. (आता वाटतं, नळानं खोकलेल्या कितीतरी खोकल्यांसाठी मी यांना अडुळशाचा काढा पाजला. तेही बिचारे प्यायचे.) म्हणजे माझी गोष्ट पहिल्या तऱ्हेची निघाली. वारा होता. पण पुस्तकातली माणसं नाश्त्याला कशी बसतात ते मला अजून समजलेलं नाही. मी मोरीच्या उंबऱ्यावर बसले, बादली भरली, वाहायला लागली, आणि आठवड्याचं पाणी माझ्या पायांवरून गेलं.

मंडळात मी हेच सांगितलं. म्हटलं, भयकथा लिहिणारे सगळे एकच गोष्ट धरून चालतात की मेलेलं माणूस येईल, आणि त्याला घाबरायचं असतं. पीठ सपाट राहिलं तर काय, ती गोष्ट त्यांच्यातल्या एकानंही लिहिलेली नाही. त्यांची छाती झाली नसावी. मग सरोजिनीबाईच म्हणाल्या, "आमच्याकडं हे धडधाकट आहेत हो, पण घरात आवाज येतो तो फ्रिजचाच." त्यावर बायका इतक्या हसल्या की पुजारी बघायला आले. पुढच्या महिन्यात मला पुन्हा बोलावलं आहे, विषय पाककृती.

तेव्हा उदकशांत तूर्त नको. घरात कुणी अडकलेलं नाही. असतं तर मी तुम्हाला कळवलं नसतं. गुरुजींना माझा नमस्कार सांगा आणि त्यांच्यासाठी काढून ठेवलेले पेरू त्यांना घरीच द्या. जाऊबाईंना मेथीचे लाडू पाठवते आहे, गुडघ्यासाठी तुम्हीही खा. गुरुवारी येण्याची तसदी घेऊ नका.

तुमची धाकटी भावजय,
द्वारका

ता.क. रामकिसन प्लंबर येऊन गेला. मोठ्या नव्या लाइनीचं काम आमच्या गल्लीपर्यंत आलं आहे, पुढच्या महिन्यात जोडणार म्हणतो. मी विचारलं, मग नळ असाच वाजेल का. तो म्हणाला, "काकू, आता तोटी उघडी ठिवायची गरजच नाय. पाणी रोज. पाईपात हवाच ऱ्हात नसती." इमारतीत पेढे वाटले. मीही खाल्ला. सगळं शहर ज्याची इतकी वर्षं वाट बघतंय त्याची मला भीती वाटते, हे वाचक मंडळातसुद्धा सांगता येण्यासारखं नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.

दुसरा ता.क. वर येऊ नका म्हटलं ते गुरुजींसाठी होतं. तुम्ही या. या खेपेला पाण्याची पाळी गुरुवारीच आहे, आणि पुढच्या किती पाळ्या उरल्या ते रामकिसनला ठाऊक. यंत्रात नवा सेल घालून या, ऐन वेळी शिट्टी नको. त्यांचं स्टूल मोरीसमोरच आहे, त्यावर तुम्ही बसा. त्यांचा खोकला तुम्ही माझ्याही आधीपासून ओळखता. तसाच आहे का मलाच वाटतं, ते नीट ऐकून मला सांगा. चष्मा तेवढा हातात धरा. खाली बादली असते.