मापाला माझं रक्त

३ तारीख, सोमवार

चारशे पंधरा नमुने. गोचीड-तापाची अँटिबॉडी एकातही नाही. खात्री करणारा मी, अहवालाखाली सहीही माझी. संपला विषय!

डोंगरातल्या सात वस्त्या पिंजून काढल्या आणि हाती भोपळा. हा सगळा खटाटोप तिकडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांपायी. कुणी शिंकलं तरी हे त्याच्या काखेत गोचीड शोधणार! लॅबमध्ये आम्ही त्यांना गोचीडबुवा म्हणतो. नाव मीच ठेवलं. स्वतःच्या दवाखान्यातल्या तापाच्या तीन पेशंटांचं रक्तही त्यांनी यात घुसडलं होतं. तेही कोरं निघालं.

४ तारीख

गोचीडबुवांचा फोन. "सर, एकदा परत बघता का? तिघांच्याही अंगावर पुरळ आहे हो. मी अंदाजानं गोळ्या सुरू केल्यात. उतार पडतोय."

म्हटलं, "अंदाज हवामानवाल्यांना करू द्या, डॉक्टर."

"मग गोळ्या थांबवू?"

"अहवाल वाचता येतो ना? थांबवा."

"ठीक आहे, सर," म्हणून फोन ठेवला. बरं वाटलं.

५ तारीख

साहेबांनी अहवाल वर धाडला. न वाचता. मथळा तेवढा वाचला असेल — तोही ठळक अक्षरांत होता म्हणून.

६ तारीख

नवी आलेली चष्मेवाली. लॅबमध्ये येऊन चार महिने झाले नाहीत, पिपेट धरताना करंगळी अशी वर करते, जणू पाहुण्यांसमोर चहा पितेय! आज पाचही प्लेटी उजेडात धरून म्हणते, "सर, निरोगी रक्ताचा खळगा एवढा पिवळा कसा?"

आता हिला पहिलीपासून शिकवा. प्रत्येक प्लेटवर एका खळग्यात निरोगी माणसाचं रक्त घालतात, बाकीच्यांत पेशंटांचं; जेवढी अँटिबॉडी, तेवढा पिवळा रंग. निरोगी रक्ताला जेवढा रंग येतो, त्याच्या दुप्पट आला तरच पेशंट पॉझिटिव्ह. किटसोबत तसलं रक्त येतं, पण मी ते वापरत नाही. कुठल्या कोण माणसाचं! इथल्या लोकांना माप इथल्याच माणसाचं हवं. म्हणून दीड वर्षापूर्वी माझंच रक्त काढून तीस नळ्या भरल्या. फ्रीजरमध्ये आहेत, वर माझ्या अक्षरात 'निरोगी'.

"पण सर, ते कुणी तपासलंय?"

उद्धट! सव्वीस वर्षं मी हेच करतोय. हिचं वयही तेवढं नसेल.

७ तारीख

तिचं तोंड एकदाचं बंद व्हावं म्हणून एक नळी मोठ्या संस्थेत तपासायला पाठवली. नाव न घालता.

घरी हसत हसत सांगितलं. ही हसली नाही. "दीड वर्षापूर्वी म्हणजे त्या डोंगरातून आल्यावरच ना? गवतावरून चादर ओढत गोचिडं गोळा करायला गेला होतात. माझी चांगली पांढरी चादर! आल्यावर नऊ दिवस तापानं फणफणत होतात."

"व्हायरल होतं ते."

"कोण म्हणालं?"

मीच म्हणालो होतो.

"तुम्हाला एकच माणूस शहाणा दिसतो," ही म्हणाली, "तोही दाढी करताना."

८ तारीख

सुट्टी. वरच्या माळ्यावरून ती चादर शोधून काढली. कशासाठी, माहीत नाही. परत ठेवली.

१० तारीख

निकाल आला. माझं रक्त पॉझिटिव्ह. चांगलंच पॉझिटिव्ह.

लिफाफा चष्मेवालीनं आणून दिला. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर निदान चिडता आलं असतं!

म्हणजे माप म्हणून जे रक्त ठेवलं, तेच आजारी. त्याच्या दुप्पट रंग येणार कुणाला?

किटमधलं रक्त काढलं. दोघांनी मिळून पाचही प्लेटी पुन्हा लावल्या. ती करंगळी वर करूनच घालत होती. हात तिचाच स्थिर होता.

एकसष्ट पॉझिटिव्ह. त्यांत डॉक्टरांचे तिघेही.

११ तारीख

दार उघडायच्या आधीपासून साहेबांच्या खोलीबाहेर उभा. ऐकून त्यांचा पहिला प्रश्न: "आणखी कुणाला माहीत आहे?"

मग खुर्चीत सैल होत, "अहो, एवढी घाई कशाला? पुढच्या तिमाहीत 'सुधारित आकडे' म्हणून घालून टाकू. एवढं तेवढं होतंच. आणि सही तुमची आहे, माझी नाही."

टेबलामागे ठेवलेलं गाठोडं नुसतं! फरक एवढाच की गाठोडं सल्ले देत नाही. पण बाहेर येऊन याची मनसोक्त टिंगल करायला गेलो आणि जमेना. गोचीडबुवांशी फोनवर मी याच आवाजात बोललो होतो.

११ तारीख, दुपारी दोन

डॉक्टरांना फोन केला. एका दमात सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या देतील.

म्हणाले, "दोघं इथं आहेत, सर. तिसरी बाई शनिवारी गेली — घरी. गोळ्या बंद केल्यावर ताप परत चढला होता. नवरा म्हणाला, औषधच नाही तर इथं ठेवून काय करू? घेऊन गेला."

तिची वस्ती सगळ्यात वर. रस्ता संपल्यावर दीड तासाची चढण. तिथं फोन लागत नाही.

डॉक्टर गोळ्या घेऊन निघालेत. खाली उतरले की कळवतो म्हणाले — सहाच्या सुमाराला.