दुसऱ्या देशाची कॅसेट

४ जून

ति. ताईस, सा. न. वि. वि.

खुर्चीत बसून वाच. माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही.

अर्धांगाच्या झटक्यानं आईची वाचा गेल्यापासून तिच्या तोंडून 'अं'पलीकडे काही आलं नव्हतं, हे तुला ठाऊकच आहे. लॅबमधलं कवळ्यांचं काम आटपून आलो की मी तिच्या शेजारी बसून जुने व्हिडिओ गेम खेळतो, तेवढीच तिला सोबत. परवा जपानहून मागवलेली कॅसेट आली. हा गेम दुसऱ्या कुठल्या भाषेत निघालाच नाही, म्हणून कधीचा शोधत होतो. पण कॅसेट मशीनमध्ये शिरेना! खाचेत प्लॅस्टिकचे दोन दात आडवे येत होते. मग काय, कवळ्या घासायचं यंत्र घरी आणलं आणि दात साफ उडवले. (इथं हसून घे.)

पडद्यावर जपानी अक्षरांची चौकट आली. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मी आपला बटणं दाबत सुटलो. आणि आई बोलायला लागली. ताई, सलग, न अडखळता! भाषा मात्र भलतीच. मला वाटलं, पुन्हा झटका आला. डॉक्टरांना फोन करायला उठलो, तर तिनं डाव्या हातानं माझा शर्ट धरून मला खाली बसवलं आणि पडद्याकडे बोट केलं. चौकट बदलली की नवं वाक्य. चौकट गेली की आई गप्प.

मोबाइलवर रेकॉर्ड करून गेमवाल्या दुकानदाराला ऐकवलं. त्याला कामापुरतं जपानी येतं. तो म्हणाला, कोण या बाई, अगदी झकास वाचताहेत. माझी आई आहे म्हटल्यावर त्यानं ते पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.

ताई, आपल्या आईला जपानी येतं? कधीपासून?

लोभ आहेच, सध्या धीरही थोडा पाठव.

तुझा, हबकलेला
बारक्या


९ जून

चि. बारक्यास, अ. उ. आ.

पत्र दुकानात काउंटरमागं उभ्यानंच वाचलं. गिऱ्हाईकानं खोकल्याचं औषध मागितलं आणि मी हातात मलम ठेवलं. आधी वाटलं, नेहमीसारखी थाप मारतोयस. पण आईच्या बाबतीत तू थाप मारणार नाहीस.

मावशीला फोन लावला. ती रडायलाच लागली. लग्नाआधी आई कारखान्याच्या कचेरीत होती ना? आपण समजत होतो, टायपिंग करत असेल. कसलं टायपिंग! जपानहून इंजिनिअर यायचे, त्यांचं बोलणं कामगारांना समजावून सांगणारी आपली आई. तिला तिकडे पाठवायचंही ठरलं होतं. बॅग भरून तयार होती. तेवढ्यात लग्न जमलं आणि आजोबांनी ती बॅग रिकामी करायला लावली. बाबांना सगळं माहीत होतं म्हणे. पण घरात तो विषय कधी निघाला नाही.

तिचा कुठला गुडघा दुखतोय ते मला ती दारात आली की कळतं, आणि हे माहीत नाही? राग आलाय मला, कुणाचा ते सांगता येत नाही. तिला विचार, आम्हाला का नाही सांगितलंस. डॉक्टरांच्या कानावर घाल. आणि खबरदार, गेम बंद केलास तर.

माया नेहमीचीच, काळजी दुप्पट.

ताई


२३ जून

ति. ताईस, सा. न. वि. वि.

डॉक्टर म्हणाले, असं क्वचित होतं, एक भाषा मागे राहते आणि दुसरी आधी उठते. त्यांच्याच सांगण्यावरून जपानी शिकवणाऱ्या बाईंना घरी बोलावलं. आईनं पहिल्याच वाक्याला त्यांचा उच्चार सुधारला! बाई खूश, मी थक्क.

त्यांनी पडदा बघून आणखी एक धक्का दिला. गेममधल्या हिरोला मी काहीतरी अगडबगड नाव देऊन ठेवलं होतं. मी लॅबमध्ये असताना आईनं डाव्या हातानं गेम पहिल्यापासून सुरू करून नाव बदललंय. बाईंनी वाचलं, चिमी. तिचं माहेरचं नाव.

मग तुझा प्रश्न विचारला. आईनं शांतपणे उत्तर दिलं. बाईंना ते आपल्या भाषेत सांगवेना. शेवटी म्हणाल्या, त्या म्हणतात, कुणी विचारलंच नाही.

ताई, मला त्यानंतर जेवण गेलं नाही.

आशीर्वाद असू दे.

बारक्या


२७ जून

चि. बारक्यास, अ. उ. आ.

खरंच नाही रे विचारलं. चष्मा कुठे, डबा भरलास का, माझी ओढणी पाहिलीस का, एवढंच विचारत आलो.

रजा टाकली आहे, शनिवारी पोचते. तोवर बाईंना एवढंच विचारायला सांग, चिमीला आता काय हवंय?

भेटीची वाट बघणारी
ताई


१ जुलै

ति. ताईस, सा. न. वि. वि.

विचारलं. मला वाटलं, आई रडेल. ती म्हणाली, या गेमचा दुसरा भाग आहे का? आहे, आणि तोही फक्त तिकडेच निघालाय. दुकानदार शोधायला लागलाय.

पण खरी बातमी पुढेच आहे. आज आई शेवटच्या लढाईत होती. उद्या तुला घ्यायला यायचं म्हणून मी शर्ट इस्त्रीला घेतला आणि इस्त्री लावण्यासाठी गेमचा प्लग काढायला हात घातला. मागून आवाज आला, थांब.

जपानी नाही, ताई. थांब. आपलं थांब! मी तसाच वाकलेला. वळून पाहिलं तर ती स्वतःच दचकली होती, तोंडावर हात ठेवून बसली होती. पडद्यावर चिमी मार खात होती आणि दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं.

हे पत्र टाकत नाही, स्टेशनवर हातातच देतो. माझ्या तोंडून निघणार नाही. चुरगळलेल्या शर्टात उभा असेन, ओळख दे.

तुझा
बारक्या